मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एक, वेळा अनेक

परदेशप्रवास ही एकेकाळी मोठ्या शहरांतील मोजक्या कुटुंबांपुरती मर्यादित असलेली बाब होती. आज तशी परिस्थिती राहिलेली नाही. उच्च शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेले तरुण-तरुणी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील घराघरांतूनही आढळतात आणि त्यांना भेटण्यासाठी वयोवृद्ध आईवडील आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास थेट सातासमुद्रापलीकडचा करतात. अशा वेळी गावातील शिक्षकांना, पंचायतीच्या सदस्यांना आणि तालुक्याच्या ठिकाणच्या अधिकाऱ्यांना अनेक प्रश्न विचारले जातात. न्यूयॉर्क नेमके किती लांब आहे? तिकिटावरच्या वेळा पाहता प्रवास साडेपाच तासांचा दिसतो, मग तो सोळा तासांचा कसा? जाताना अधिक वेळ लागतो आणि येताना कमी, असे का? पश्चिमेला जायचे असताना विमान उत्तरेकडे तोंड का करते?

हे प्रश्न साधे वाटले तरी त्यांची उत्तरे भूगोल, हवामानशास्त्र, आंतरराष्ट्रीय कायदा आणि कालगणना अशा चार विषयांत विखुरलेली आहेत. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांमधील अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. हे अंतर बदलत नाही. तथापि, ते कापण्यास लागणारा वेळ मात्र दिशेनुसार, ऋतूनुसार आणि राष्ट्राराष्ट्रांतील संबंधांनुसार बदलत असतो. केवळ अंतराला वेगाने भागून प्रवासाचा वेळ काढता येत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

सपाट नकाशामुळे होणारी दिशाभूल

शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क ही दोन ठिकाणे पट्टीने जोडली, तर ती रेषा अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जिरिया आणि मोरोक्को या प्रदेशांवरून जाऊन अटलांटिक महासागर ओलांडते. विमानही याच वाटेने जात असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात नकाशावर सरळ दिसणारी ही वाट सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. म्हणजे सर्वांत जवळच्या मार्गापेक्षा ती जवळजवळ १,७०० किलोमीटरने लांब आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला एवढा फेरा पडल्यास सुमारे दोन तास अधिक लागतील.

असे होण्याचे कारण नकाशाच्या रचनेत आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना कोठेतरी ताण द्यावाच लागतो. मर्केटर यांनी १५६९ साली तयार केलेल्या आणि पुढे सर्वत्र प्रचलित झालेल्या नकाशात दिशा अचूक राहतात, परंतु ध्रुवांकडील प्रदेश प्रमाणाबाहेर पसरट दिसतात. ग्रीनलंड हे बेट त्या नकाशात आफ्रिका खंडाएवढे भासते. वस्तुतः आफ्रिकेचे क्षेत्रफळ ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट आहे. विषुववृत्तावर एक अंश रेखांशाची रुंदी सुमारे १११ किलोमीटर असते, तर ६० अंश अक्षवृत्तावर ती निम्मी, म्हणजे साडेपंचावन्न किलोमीटर होते. नकाशात मात्र दोन्ही ठिकाणी ती सारखीच दाखवलेली असते. साहजिकच उत्तरेकडून जाणारी जवळची वाट नकाशावर लांबची वाटते आणि लांबची वाट जवळची वाटते.

दोरा आणि पृथ्वीगोल

ही गोष्ट विद्यार्थ्यांना पटवून देण्यासाठी खर्चिक साधनांची गरज नाही. शाळेतील पृथ्वीगोल आणि हातभर दोरा एवढे साहित्य पुरेसे आहे. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरून तो ताणला, की आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर स्थिरावतो. मुंबईहून निघालेला हा दोरा उत्तर-वायव्येकडे वळून कच्छच्या रणावरून सिंधमध्ये शिरतो. तेथून अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान व कझाकस्तान ओलांडून तो मॉस्कोच्या जवळून जातो. पुढे फिनलंड आणि नॉर्वे पार करून आइसलंडला पोहोचतो. या भागात तो सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत वर चढलेला असतो. नंतर ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून आणि कॅनडाच्या लॅब्रॅडॉर प्रदेशावरून खाली उतरत तो न्यूयॉर्क गाठतो.

ज्या वर्तुळाचा केंद्रबिंदू पृथ्वीच्या केंद्राशी जुळतो, त्यास बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे त्याचे परिचित उदाहरण होय. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील कोणत्याही दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग त्या दोहोंतून जाणाऱ्या बृहद्वृत्तावरच असतो. अंतराचे गणितही अवघड नाही. मुंबई व न्यूयॉर्क येथून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत दोन रेषा कल्पिल्या, तर त्यांमधील कोन सुमारे ११२.७ अंशांचा होतो. प्रत्येक अंशामागे पृष्ठभागावर १११.२ किलोमीटर अंतर पडते. या दोहोंचा गुणाकार सुमारे १२,५३० किलोमीटर येतो. वैमानिक वापरतात तो सागरी मैलही याच हिशेबातून आलेला आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक सागरी मैल, आणि त्याची लांबी १.८५२ किलोमीटर ठरवण्यात आली आहे.

पृथ्वीगोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल, तर त्यावरील एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर होतात. मुंबई-न्यूयॉर्क दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल. पट्टीने मोजून आणि गुणाकार करून विद्यार्थी स्वतःच हे अंतर काढू शकतात.

टप्प्याटप्प्याने गाठलेले अंतर

एवढे अंतर एका दमात कापण्याची क्षमता विमानांना एकाएकी आली नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन एका लहानशा पस मॉथ विमानातून उड्डाण केले आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो व जिनिव्हा येथे थांबत मुंबईहून लंडनला निघाले. पुढे १९६० च्या मे महिन्यात बोइंग ७०७ या जेट विमानाने भारतीय कंपनीची न्यूयॉर्क सेवा सुरू झाली. तीही लंडनमार्गेच जात असे. मुंबई-न्यूयॉर्क मार्गावर मध्ये कोठेही न थांबता जाणारी सेवा एअर इंडियाने २००७ च्या ऑगस्टमध्ये सुरू केली.

या प्रगतीचे मर्म इंधनात आहे. लांबच्या वाटेला निघालेल्या बैलगाडीत बैलांच्या वैरणीचेच ओझे वाढावे, तशी दूरच्या विमानाची अवस्था असते. बोइंग ७७७-३०० ईआर या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ३५१ टन असते आणि त्याच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर, म्हणजे जवळजवळ १४५ टन इंधन मावते. याचाच अर्थ पूर्ण भरलेल्या टाक्यांनिशी निघालेल्या विमानाच्या वजनात चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा इंधनाचाच असतो. शेवटच्या तासात जाळावयाचे इंधन आधीचे पंधरा तास वाहून न्यावे लागते आणि ते वाहण्यासाठीही इंधन जळते. अशा मोठ्या विमानाला ताशी सरासरी सात ते आठ टन इंधन लागते. एका किलो इंधनामागे सुमारे ३.१६ किलो कर्बवायू वातावरणात मिसळतो. म्हणूनच अर्ध्या तासाचा वळसाही कंपनीच्या जमाखर्चात, प्रवाशाच्या भाड्यात आणि पर्यावरणात जाणवतो.

वाऱ्याचा हिशेब

जाण्यायेण्याच्या वेळांत पडणारा फरक मुख्यतः वाऱ्यामुळे पडतो. जमिनीपासून सुमारे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिशय वेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना झोतवारे किंवा जेट प्रवाह असे म्हणतात. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात आकाशात फुगे सोडून या वाऱ्यांची पद्धतशीर नोंद केली. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणे ही नेहमीची बाब आहे. हिवाळ्यात तो याहूनही पुष्कळ वाढतो. प्रवासी विमाने नेमकी याच उंचीवरून उडतात.

कोकणातल्या खाडीत होडी वल्हवणाऱ्यास याचे गणित वेगळे शिकवावे लागत नाही. त्याच जोराने वल्ही मारली तरी पाण्याच्या ओढीबरोबर जाताना होडी लवकर पोहोचते आणि ओढीविरुद्ध जाताना रेंगाळते. समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आहे आणि संपूर्ण वाटेवर सरासरी ६० किलोमीटर वेगाचा वारा समोरून येत आहे. अशा वेळी जमिनीच्या संदर्भात विमानाचा वेग ताशी ८४० किलोमीटर राहतो आणि साडेबारा हजार किलोमीटरसाठी सुमारे १४ तास ५३ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीशी असल्यास वेग ९६० किलोमीटर होतो आणि वेळ १३ तास १ मिनिटावर येतो. दोहोंत पावणेदोन तासांहून अधिक फरक पडतो. वारा मुळीच नसता, तर दोन्ही बाजूंचा प्रवास प्रत्येकी सुमारे १३ तास ५३ मिनिटांचा झाला असता. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. समोरच्या वाऱ्यामुळे झालेले नुकसान पाठीच्या वाऱ्याने पूर्ण भरून निघत नाही, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते.

वाऱ्याचे सामर्थ्य किती असू शकते, याचे एक ठळक उदाहरण २०२० च्या फेब्रुवारीत पाहावयास मिळाले. उत्तर अटलांटिकवरील वादळामुळे झोतवारे अत्यंत प्रबळ झाले असताना न्यूयॉर्कहून निघालेले एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले. एरवी या प्रवासास सहा ते सात तास लागतात. म्हणूनच वैमानिक बृहद्वृत्त डोळे मिटून पाळत नाहीत. पूर्वेकडे येताना झोतवाऱ्याचा लाभ मिळेल आणि पश्चिमेकडे जाताना तो टाळता येईल, अशा रीतीने प्रत्येक उड्डाणाचा मार्ग त्या दिवशीच्या हवामानानुसार आखला जातो. अंतर थोडे वाढले तरी वेळ वाचत असेल, तर लांबची वाट पत्करली जाते.

या संदर्भात आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला निघालेल्या विमानाच्या दिशेने न्यूयॉर्क स्वतःहून सरकत येईल आणि प्रवास लवकर संपेल, असे काहींना वाटते. तसे घडत नाही. पृथ्वीबरोबर तिचे वातावरण आणि त्यातील विमानही फिरत असते. धावत्या डेक्कन क्वीनच्या डब्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालणाऱ्या प्रवाशाला दोन्ही दिशांना सारखाच वेळ लागतो, त्यातलाच हा प्रकार होय.

विमानात प्रत्यक्ष हवेत असलेला वेळ आणि वेळापत्रकात छापलेला वेळ यांतही अंतर असते. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा सर्व काळ वेळापत्रकात धरला जातो. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, रांगेतील प्रतीक्षा, चढण आणि उतरण हे सारे त्यात येते. या सर्व गोष्टी मिळून मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाण्यास साधारणतः पंधरा ते सोळा तास आणि परत येण्यास चौदा ते पंधरा तास धरणे सोयीचे ठरते.

आकाशालाही शीव असते

शेताच्या बांधावरून जाणारी पाऊलवाट शेजाऱ्याने अडवली, की शेतकऱ्याला गावाला वळसा घालून शेत गाठावे लागते. अशा पाणंद रस्त्यांचे वाद पंचायतीच्या सदस्यांना नवीन नाहीत. आकाशातही याहून वेगळे घडत नाही. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारात प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व असल्याचे मान्य करण्यात आले आहे. दुसऱ्या देशाच्या विमानाला त्या आकाशातून जायचे असेल तर परवानगी लागते आणि वाहतूक नियंत्रणाच्या सेवेपोटी शुल्कही भरावे लागते. परवानगी नाकारली गेली, की वळसा अटळ ठरतो.

पृथ्वीगोलावरचा दोरा भारताबाहेर पडताच पाकिस्तानच्या आकाशात शिरतो, हे वर आलेच आहे. हे आकाश २७ फेब्रुवारी २०१९ पासून त्या वर्षीच्या जुलैच्या मध्यापर्यंत बहुतांशी बंद राहिले होते. २०२५ च्या एप्रिलअखेर पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द पुन्हा बंद केली, भारतानेही तसेच पाऊल उचलले आणि ही बंदी महिन्यामागून महिना वाढवण्यात आली. मुंबईला समुद्र जवळ असल्यामुळे येथून निघणारी विमाने अरबी समुद्रावरून मस्कतच्या दिशेने वळू शकतात. मस्कतवरून न्यूयॉर्क गाठल्यास अंतर सुमारे १२,९०० किलोमीटर होते, म्हणजे चारशे किलोमीटरच्या आतबाहेर वाढ होते. दिल्लीची स्थिती अधिक कठीण आहे. तेथील विमानांना पश्चिमेला जाण्यासाठी आधी दक्षिणेकडे समुद्रापर्यंत यावे लागते. त्यामुळे उत्तर अमेरिकेस जाणाऱ्या काही विमानांना त्या काळात युरोपमध्ये इंधनासाठी थांबावे लागले.

२०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर रशियाने युरोपीय राष्ट्रे, अमेरिका व कॅनडा यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. भारतीय विमानांवर अशी बंदी घालण्यात आली नाही. परिणामी त्याच दोन विमानतळांमध्ये उडणाऱ्या दोन देशांच्या विमानांना दोन निरनिराळ्या वाटा धराव्या लागल्या. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथून टोकियोला जाण्यास पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास वेळ लागत असे. रशियाचे आकाश बंद झाल्यावर तो सुमारे तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरे जागच्या जागी असताना केवळ परवानगीअभावी प्रवास साडेतीन तासांनी वाढला.

घड्याळाचा घोळ आणि त्यातून निघणारा मार्ग

प्रवाशांची सर्वाधिक गफलत होते ती घड्याळामुळे. तिकिटावरील सुटण्याची वेळ निघण्याच्या ठिकाणची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या ठिकाणची असते. पृथ्वीला ३६० अंशांची फेरी पूर्ण करण्यास २४ तास लागतात, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते व ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असते. मुंबईची स्वतःची सूर्यवेळ या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे आहे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यानंतरही मुंबईत तिचा निराळा ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होता. एकाच देशात दोन वेळा पाळताना काय गोंधळ होत असेल, याची कल्पना यावरून येईल.

न्यूयॉर्क हिवाळ्यात ग्रीनिचच्या पाच तास मागे असते, तर मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे एक तास पुढे केली जातात. यामुळे भारत आणि न्यूयॉर्क यांच्या वेळांत हिवाळ्यात साडेदहा तासांचा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो.

समजा, जानेवारीत एखादे विमान मुंबईहून रात्री दोन वाजता निघाले आणि सोळा तास उडाले. पोहोचतेवेळी मुंबईत सायंकाळचे सहा वाजलेले असतील, परंतु न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशी सकाळचे साडेसात होतील. तिकीट वाचणाऱ्यास प्रवास साडेपाच तासांचा वाटेल. परतीचे विमान न्यूयॉर्कहून दुपारी बारा वाजता निघून साडेचौदा तास उडाले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारचा एक वाजलेला असेल. कागदावर हा प्रवास पंचवीस तासांचा दिसेल. एकात साडेदहा तास वजा झाले, दुसऱ्यात तेवढेच मिळवले गेले.

मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानांच्या बाबतीत तारखेचाही घोटाळा होतो. तिकिटावर १५ तारखेचे रात्रीचे दोन वाजले असतील, तर प्रवाशाने १४ तारखेच्या रात्रीच विमानतळावर हजर राहिले पाहिजे. १५ तारखेच्या रात्री पोहोचणाऱ्याचे विमान एक दिवस आधीच निघून गेलेले असते. गावाहून प्रथमच निघणाऱ्या वृद्ध प्रवाशांना ही गोष्ट कागदावर तारीख-वार घालून लिहून देणे हिताचे ठरते.

हे गणित केवळ सोयीचे नाही. घरातील वडीलधारी व्यक्ती निवर्तते आणि मुलगा अथवा मुलगी न्यूयॉर्कला असते, तेव्हा अंत्यविधी किती वेळ थांबवावा, हा प्रश्न भावकीसमोर आणि गावातील जाणत्या मंडळींसमोर उभा राहतो. कोणी म्हणते, विमानाने संध्याकाळपर्यंत येईल. कोणी म्हणते, चार दिवस लागतील. अशा प्रसंगी शांतपणे मांडलेला हिशेब उपयोगी पडतो. हिवाळ्यातील सोमवारी सकाळी सहा वाजता निरोप दिला गेला, तर न्यूयॉर्कमध्ये तेव्हा रविवारी सायंकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्या रात्रीचे विमान मिळाले नाही आणि सोमवारी दुपारी बाराचे थेट विमान मिळाले, तर निघतेवेळीच भारतात सोमवारचे रात्रीचे साडेदहा होतात. साडेचौदा तासांनी, म्हणजे मंगळवारी दुपारी एकच्या सुमारास, तो मुंबईत उतरतो. तपासणी आणि सामान यांसाठी एक-दीड तास आणि सातारा जिल्ह्यातील गावापर्यंत मोटारीने पाच-सहा तास धरले, तर मंगळवारी सायंकाळी सात ते रात्री साडेआठच्या दरम्यान तो घरी पोहोचतो. निरोपापासून ही मुदत सुमारे सदतीस ते साडेअडतीस तासांची होते. थेट विमान न मिळाल्यास ती आणखी वाढते. एवढा आकडा समोर असला, तर रुग्णालयातील शीतगृहाची व्यवस्था करावी की अंत्यसंस्कार उरकून घ्यावेत, याचा निर्णय कुटुंबाला अंदाजावर न सोडता समजून घेता येतो.

सोळा तासांचा प्रवास आणि शरीर

एवढा वेळ एका जागी बसून राहणे शरीराला मानवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसाच्या बाबतीत हा धोका मुळात अल्प, म्हणजे सहा हजारांत एक इतकाच असतो. परंतु वृद्ध, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया यांनी अधिक दक्षता घेणे इष्ट होय. दर एक-दोन तासांनी उठून चालणे, पायांची हालचाल करीत राहणे आणि पुरेसे पाणी पिणे हे उपाय साधे असून परिणामकारक आहेत.

विमानाच्या आतील हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबापेक्षा कमी असतो. तो साधारणतः १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील डोंगरावर असतो तेवढा ठेवला जातो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे विमानातील प्रवासी सोळा तास कळसूबाईपेक्षाही उंच ठिकाणी बसलेला असतो, असे म्हणता येईल. हृदयविकार किंवा श्वसनाचे विकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, तो याच कारणासाठी. मधुमेही रुग्णांनी इन्सुलिनच्या वेळा घड्याळ बदलल्यावर कशा पाळाव्यात, हेही आधीच विचारून घ्यावे आणि औषधे हातातील पिशवीत ठेवावीत. शरीराचे अंतर्गत घड्याळ नव्या वेळेशी जुळण्यास काही दिवस लागतात. त्यामुळे पोहोचल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत झोप व भूक यांचे वेळापत्रक बिघडले, तर त्यात घाबरण्याजोगे काही नसते.

शाळा आणि पंचायत यांचे काम

मुंबई-न्यूयॉर्क प्रवासाचा हा हिशेब कोणत्याही दोन दूरच्या विमानतळांना लागू पडतो. प्रथम पृथ्वीगोलावर अंतर मोजावे, सपाट नकाशावर नव्हे. नंतर प्रवास कोणत्या दिशेचा आहे हे पाहून वाऱ्याचा विचार करावा. त्या काळात कोणत्या देशांचे आकाश बंद आहे, याची माहिती घ्यावी. शेवटी दोन्ही ठिकाणच्या वेळा एकाच घड्याळात, शक्यतो भारतीय प्रमाणवेळेत, मांडून प्रवासाचे खरे तास काढावेत. हा क्रम पाळल्यास चूक होण्याचा संभव राहत नाही.

माध्यमिक शाळांतील भूगोल व गणित शिक्षकांनी वर्षातून एक तासिका या प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवण्यास हरकत नाही. अक्षांश-रेखांश, प्रमाणवेळ, वेग आणि अंतर हे पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत शिकवले जाणारे विषय एका दोऱ्याने जोडले जातात. ज्या गावांतील मुले परदेशी आहेत, तेथील ग्रामपंचायत कार्यालयात भारतीय वेळ आणि त्या त्या देशांची उन्हाळी-हिवाळी वेळ दर्शविणारा तक्ता लावल्यास त्याचा नित्य उपयोग होईल. तो तयार करण्याचे काम शाळेतील नववी-दहावीचे विद्यार्थी आनंदाने करतील आणि घरातील आजी-आजोबांच्या तिकिटावरील तारीख व वेळ त्यांना समजावूनही सांगतील.